पाटीची भाषा, चुलीची भाषा

आमच्या रोह्याच्या घरात माँ कोंबड्या सोडायची ती कोकणीत. म्हणजे आम्हा कोकणी मुसलमानांच्या बोलीत. गोव्याची कोकणी निराळी. ही बोली शेजारच्या आगरी-कुणबी बायकांना सगळी समजायची आणि मुंबईहून आलेल्या आमच्याच पाहुण्यांना अर्धीसुद्धा समजायची नाही. बाबांचं बाजारात कौलांचं दुकान होतं. तिथे ते गिऱ्हाइकाशी मराठी बोलायचे, मशिदीच्या पायरीवर मौलवीसाहेबांशी उर्दूची जुळवाजुळव करायचे, आणि घरी आले की चपला काढता काढता पुन्हा कोकणीत यायचे; उर्दू चपलांबरोबर बाहेरच राहायची. अरबी होती ती कुराणापुरती. ती आम्ही बहिणी डोलत डोलत वाचायचो, अर्थ विचारायचा नाही हे न सांगताच ठरलेलं होतं. मी शाळेत मराठी शिकले, सातवीपर्यंत. पुढचं जे काही शिकले ते वाण्याच्या पुड्या उलगडून, आणि लग्नानंतर पेणला वाचनालयातली पुस्तकं आणून. म्हणून माझं मराठी हे असं आहे, थोडं पुड्यांचं, थोडं माँचं. वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

घरात आणखीही भाषा होत्या, आणि त्या सगळ्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. माँचा थोरला भाऊ, आमचा मामू, जन्मभर बोटीवर खलाशी होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून बोटीची नोकरी सुटल्यावर तो आमच्याकडेच राहायला आला. सोबत एक लोखंडी पेटी आणि गुडघेदुखी. दुपारी काळा चहा घेऊन तो ओट्यावर बसायचा, मी समोर तांदळातले खडे निवडत, आणि तो मला देश सांगायचा. दुसरे मामू भाच्यांना राक्षस-परी सांगतात, आमचा मामू देश सांगायचा.

त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक देशाला दोन भाषा असतात. एक पाटीची, एक चुलीची. पाटीची म्हणजे कचेरीवर, पोलीस ठाण्यावर, बंदराच्या फाटकावर लिहिलेली. चुलीची म्हणजे बाई मुलाला जेवायला हाक मारते ती. "बंदरात उतरलो की आदी पाटी वाचायची," तो म्हणायचा, "आनी मग गल्लीत जाऊन बायका काय बोलतात ते ऐकायचं. दोनी एकच निघाल्या तर समजायचं, आपन अजून बोटीवरच हाय." मॉरिशसला सरकार इंग्रजीत चालतं, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये निघतं, आणि मासळीबाजारात दोन्ही नाहीत, तिथे क्रिओल. मोझांबिकला पाटी पोर्तुगीज, पण हमाल ती साहेबासमोर बोलणार, एरवी नाही. इंडोनेशियाने तर गंमतच केली. सगळ्यांत जास्त लोकांची जी भाषा, जावाची, ती पाटीवर घेतलीच नाही. बाजारात सगळ्यांना थोडी थोडी येणारी मलायी घेतली, म्हणजे कोणाला रुसायला जागा नको. सिंगापूरला पाटीवर चार भाषा, चौघी सवती एका घरात. आयर्लंडला पाटीवर त्यांची जुनी भाषा पहिली, आणि तिच्याखाली उभं राहून लोक इंग्रजी बोलतात. आणि तेव्हाच्या दक्षिण आफ्रिकेत पाटीवर गोऱ्यांच्या दोन भाषा, तर देशभर चुली पेटत त्या दुसऱ्याच भाषांच्या. त्यांतली एकही पाटीवर नाही. हे सांगताना मामू चहाचा पेला खाली ठेवायचा.

माझी नात आता नोकरीने कतारला आहे. तिच्याकडून मी हे एकेक तपासून घेतलं. मामू बहुतेक बरोबर निघाला. चुकला तो फक्त स्वित्झर्लंडला. तिथे तीन भाषा म्हणायचा, चार निघाल्या. नात म्हणाली, "नानी, त्या देशाला समुद्रच नाही." म्हणजे तिथलं तो ऐकीव सांगत होता.

एकदा मी मामूला विचारलं, आपल्या घराची पाटीची भाषा कुठली? तो चहा फुंकत म्हणाला, "तुझ्या दादाला विचार. पाटी त्याच्याकडं हाय."

माझा भाऊ, बशीर दादा, मुंबईला कॉलेजात शिकून आला होता. जाताना तो आमच्यासारखाच बोलायचा, येताना इस्त्री केलेली उर्दू घेऊन आला. माँशी तो उर्दूत बोलायचा, माँ त्याला कोकणीत उत्तर द्यायची, आणि तरी त्याला भात वेळेवर मिळायचा. आम्हाला वाटायचं, शिकला म्हणून मिजास करतो. पुष्कळ वर्षांनी, आमचे दोघांचे केस पिकल्यावर, त्याने सांगितलं की वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात त्याने कालवण मागितलं ते आपल्या बोलीत, आणि मुलांनी त्याची नक्कल केली. ती नक्कल वर्षभर चालली. दादा मग पानावर जे येईल तेवढंच खायचा, मागायचा नाही. हे कळल्यावर मला त्याच्यावरचा जुना राग ठेवायला जागाच राहिली नाही.

तर दादा मुंबईहून आल्यानंतरच्या एका हिवाळ्यात आमच्या आपासाठी, माझ्या थोरल्या बहिणीसाठी, पेणहून मागणं आलं. मागणं आणलं मुलाच्या फूफीने, म्हणजे आत्याने. ती मुंबईत वाढलेली, पेणला तांदळाच्या व्यापाऱ्याकडे दिलेली, आणि तिच्या उर्दूला सगळा मोहल्ला वचकून असायचा. मुलगा युसुफ मुंबईला गोदीत बोटींच्या दुरुस्तीचं काम करायचा. तो आणि त्याची आई, झैनबबी, आफ्रिकेहून परतलेले. झैनबबीचा आजा कधीकाळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, टांगानिकात, दुकान टाकायला गेला होता, तिचा जन्म तिकडचाच. नवरा तिकडेच वारला, तेव्हा मुलाला घेऊन ती इकडे आली आणि जास्त करून नणंदेकडे, पेणलाच असायची. मोहल्ल्यात त्यांना आफ्रिकावाले म्हणायचे.

आपाला आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, एक रंगावरून आणि एक उगाच. तेव्हापासून ती आरशासमोर कमी उभी राहायची. या मागण्यात मात्र तिचं मन लागलं होतं. नागोठण्याला एका लग्नात तिने युसुफला पाहिलं होतं. मला रात्री पांघरुणात सांगितलं नाही, भर दुपारी विहिरीवर सांगितलं, पोहरा वर ओढता ओढता. "तो आईशी बोलत होता गो," आपा म्हणाली. "कसली भाषा, मना नाय कळली. पन आई काय तरी बोलली आनी दोघं हसत सुटले. एवढा मोठा पोरगा आईशी बोलून हसतो. मना हेच घर पायजे." पोहरा पार वर आला तरी ती दोर सोडेना.

पाहुणे येणार ठरलं आणि दादाचा जीव खालीवर व्हायला लागला. आफ्रिकावाले, इंग्रजी जाणणारे, आणि फूफीची ती उर्दू. त्याने माँला शिकवायला घेतलं. आठवडाभर घरात 'तशरीफ लाइए', 'नोश फर्माइए' चाललं होतं. माँ मन लावून म्हणायची, पण तिच्या जिभेला ते घट्ट व्हायचं, नव्या बांगडीसारखं. संध्याकाळी कोंबड्या आत घेताना मी तिला ऐकलं, "तशरीफ लाव गो बायांनो, अंधार पडला." मामू ओट्यावर खोकेपर्यंत हसला. दादाला मात्र रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"अम्मी, तुम्ही काही बोलूच नका," शेवटी तो आपल्या उर्दूत म्हणाला. "फक्त हसा. बोलायचं ते मी बोलतो. आपाचं भलं व्हावं एवढंच."

माँने त्याच्याकडे पाहिलं. मग आत, परसदारी आपा कपडे वाळत घालत होती तिच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "गप बसते मी. गप बसायला काय शिकावं लागत नाय."

बाबा म्हणाले, हे काय खूळ. मामू म्हणाला, हे खूळ मी पुष्कळ देशांत पाहिलंय. पण दोघांनी पुढे काही केलं नाही. मुलीच्या लग्नाचं काम म्हटलं की आमच्याकडचे पुरुष थोडे घाबरूनच असायचे.

पाहुणे आले तेव्हा वालाचे दिवस होते. आमच्याकडे वालाचं बिरडं नारळाच्या दुधात करतात, आणि ते माँच्या हातचं असलं म्हणजे माणूस ताट पुसून खायचा. शिवाय सांदणं होती, कोलंबी होती, खोबऱ्याच्या वड्या होत्या. फूफी पाटावर बसावी तशी खुर्चीवर बसली आणि बोलायला लागली, दादा तिला उत्तरं द्यायला लागला. दोघांची उर्दू ऐकताना मला वाटलं, कोणीतरी सतरंजी अंथरतंय आणि ती संपतच नाही. झैनबबी तिच्या शेजारी. तिच्या खांद्यावर एक मोठं छापील कापड होतं, केशरी आणि काळं, काठाला इंग्रजी अक्षरं. मी ती जुळवून वाचली, पण त्यांतून शब्द काही ओळखीचा निघेना. ती एक अक्षर बोलली नाही. माँही नाही. दोघी एकमेकींसमोर बसून नुसत्या हसत होत्या. एक हसली की दुसरी हसायची.

फूफीने माँला थेट विचारलं, "बहन, मिठाई आपके हाथ की है?" माँने हात छातीशी नेला, मान डोलावली, दादाकडे पाहिलं. दादाने उत्तर दिलं. मला आतून बोलवायचं होतं तर माँने टाळी वाजवली आणि बोटांनी पाणी आण म्हणून दाखवलं. आणि मग ते झालं. माँ सांदणाचं भांडं उतरवायला आत आली, झाकण काढलं आणि सगळी वाफ तिच्या मनगटावर आली. एरवी अशा वेळी माँचं 'आय गो' चार घरं पलीकडे ऐकू गेलं असतं. त्या दिवशी तिने ओठ दाबले, डोळे मिटले आणि हात माठाच्या पाण्यात घातला. तोंडातून आवाज नाही. मी दाराकडे पाहिलं तर फूफी हात धुवायला म्हणून उठली होती आणि तिथेच उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

जाताना झैनबबीने माँचा तो हात हातात घेतला, त्यावर फुंकर घातली, आणि तेव्हाही काही बोलली नाही.

पुढच्या जुम्म्याला मामू गुडघ्याचं औषध आणायला पेणला गेला. परतला तो ओट्यावर न बसता सरळ आत आला, पाणी प्यायला, आणि बाबांना म्हणाला, "फूफीचा मालक भेटला मशिदीत. त्यांना पोरगी पसंत हाय. युसुफ राजी हाय."

"मग तोंड असं कशाला?" बाबा म्हणाले.

"एक गोष्ट विचारतात. आईचं हे जन्मापासून हाय, का मागून झालं?"

"कसलं?"

"मुकं असनं."

मग बाबांना हसू फुटलं, पण ते अर्ध्यात थांबलं, कारण आपा दारात उभी होती. मामूने खालच्या आवाजात पुढचं सांगितलं. फूफीची स्वतःची मुलगी, नूर, जन्मापासून ऐकत नव्हती की बोलत नव्हती. तिच्यापायी फूफीने काय काय भोगलं ते सारं पेण जाणून होतं. भाच्याच्या सासरीही तेच असेल, तर पुढे होणाऱ्या मुलांच्या नशिबी दोन्हीकडून ते येईल, अशी तिला भीती. नकार नव्हता. विचारणा होती, आणि ती विचारायला तिला जड गेलं होतं.

"सांगू, त्या दिवशी घसा बसला होता," दादा म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आनी लग्नात? आनी बारशाला?" मामू म्हणाला. "किती वर्सं बसवशील तिचा घसा?"

आपा विहिरीकडे निघून गेली. पाणी भरलेलंच होतं. माँने तिला जाताना पाहिलं, मग कोठीत गेली, पायलीभर वाल काढले आणि पाण्यात टाकले. वालांना मोड येईपर्यंत ती जी गप्प होती, ती गप्प राहणं पाहुण्यांसमोरच्या गप्प राहण्यापेक्षा वेगळं होतं; आम्ही सगळे तिच्या वाटेतून बाजूला व्हायचो.

मोड आले त्या सकाळी तिने ते ओल्या फडक्यात बांधले, मला म्हणाली, "चल गो जुबे," आणि आम्ही एस्टीत बसलो. भिसे खिंडीतून गाडी वळणं घेत होती, निडीकडची शाळेची पोरं दारात लोंबकळत होती, आणि माँ मांडीवर गाठोडं धरून बाहेर बघत होती. मी विचारलं, तिथे जाऊन तू काय बोलणार? ती म्हणाली, "जे तोंडात येल ते. ठरवून बोलायला गेलो म्हनूनच तर हे झालं."

फूफीच्या घरी दार तिनेच उघडलं. आम्हाला बघून ती गोंधळली, आणि माँच्या तोंडाकडे बघत, हातांनी, अगदी सावकाश, 'या, बसा' असं दाखवायला लागली. इतक्या मायेने दाखवत होती की मला माँचा हात धरून परत फिरावंसं वाटलं.

"मना ऐकू येतं बाय," माँ म्हणाली. "आनी बोलताबी येतं. रोज बोलते. इतकी बोलते की मालक कंटाळतो. त्या दिवशी गप बसले, कारन मना तुमची भाषा येत नाय. पोराला वाटलं, माझी भाषा ऐकून तुमी पोरगी नाकाराल. एवढंच. आमच्यात कोनी मुकं नाय. तेवढं सांगायला आलेय."

फूफी उभीच. आणि आतून, स्वयंपाकघरातून, कोणीतरी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. झैनबबी बाहेर आली. आली ती बोलतच. आणि काय बोलणं ते. ती आमचीच कोकणी होती, पण पणजीच्या वेळची. जे शब्द माँने आपल्या आजीबरोबर पुरले होते ते सगळे हिच्या तोंडात जिवंत, आणि मधे मधे भलतेच शब्द, खडीसाखरेचे खडे दाताखाली यावेत तसे. माँ आधी ऐकतच राहिली. मग दोघी एकदम बोलायला लागल्या. झैनबबीने माँचं मनगट पुन्हा हातात घेतलं, भाजल्याचा डाग पाहिला आणि म्हणाली, "पोले. पोले सना." हे काय ते मला मामूने नंतर सांगितलं. तिकडच्या किनाऱ्यावर कोणी दमलं, पडलं, कोणाचं माणूस गेलं, तरी एकच शब्द म्हणतात. तुला लागलं ते मला कळलं, असा त्याचा भाव. मामू म्हणाला, त्या देशाने ती भाषा चुलीवरून उचलून पाटीवर नेली, इंग्रजीच्या शेजारी. असं फार थोड्यांना जमतं.

पण फूफीचा चेहरा उतरला होता. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बहन, बुरा मत मानिए. आज जबान छुपाई, कल और क्या छुपाएँगे?"

मी पाहिलं, माँने गाठोडं घट्ट धरलं. एवढी वाट तुडवून आपाचं लग्न तिथेच, त्या खुर्चीच्या पायाशी मोडून पडतंय असं मला वाटलं.

"आनी मना कोन लपवलान?" झैनबबी म्हणाली. नणंदेकडे वळून, पण भांडणाचा सूर नाही. "रोह्याला जाताना गाडीत तू मना काय सांगितलंस? 'भाभी, तुमी तोंड उघडू नका, लोक म्हनतील जंगलातून बाई आनलीय.' मी नाय उघडलं. बिरडं एवढं चांगलं झालेलं, ते सांगायचं पोटात घेऊन आले. आज इतके दिस झाले."

तेवढ्यात आतल्या खोलीतून नूर आली. माझ्याच वयाची, हिरव्या ओढणीतली, डोळे तेज. तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं, काहीतरी घडलंय हे तिला कळलं, आणि तिने आईच्या बाहीला धरून बोटं हलवली: काय झालं, सांग.

फूफी आधी नको नको म्हणून मान हलवत राहिली. नूर सोडेना. मग फूफीने हात वर केले, आणि मी त्या दिवशी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्या हातांत उर्दू नव्हती, मुंबई नव्हती. भराभर, न अडखळता, ते हात बोलत होते, आणि मला न शिकताच सगळं समजत होतं. माँकडे बोट, ओठांवर कुलूप. झैनबबीकडे बोट, ओठांवर कुलूप. नूरने विचारलं, कुलूप कोणी लावलं? फूफीने दादाची टोपी आणि मिशी दाखवली. नूरने झैनबबीकडे बोट केलं: आणि हिचं? फूफीचे हात थांबले. मुलीशी बोलताना तिला लपवता येत नसावं. त्या भाषेत समोरच्याच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय बोलताच येत नाही. तिने हळूच बोट वळवलं आणि स्वतःच्या छातीला लावलं.

नूर हसली. आवाज न करता, पोट धरून हसली. मग झैनबबी हसली, माँ हसली, आणि शेवटी फूफीने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते मला ठरवता आलं नाही. "बैठिए," ती माँला म्हणाली, आणि थोड्या वेळाने, जरा अडत, लहानपणी कुठेतरी ठेवून दिलेलं शोधावं तशी, "बसा बाय. चा ठेवते."

त्या दुपारी आम्ही पाच जणींनी ते वाल सोलले. कोमट पाण्यातून उचलायचे, चिमटीत दाबायचे, साल एकीकडे, डाळिंबी दुसरीकडे. झैनबबीचा अंगठा माँच्या अंगठ्याइतकाच भरभर चालत होता. तिकडे असे वाल मिळत नसत, पण आजीने राजम्यावर शिकवलं होतं म्हणे. ती आणि माँ बोलत होत्या, फूफीचे हात वाल सोलता सोलता मधेच थांबून नूरला सांगत होते, आणि नूर मला दाखवत होती की तू फार हळू सोलतेस. लग्नाचा शब्द कोणी काढला नाही. निघताना झैनबबीने आपल्या खांद्यावरचं ते केशरी कापड काढलं, घडी केली आणि माँच्या गाठोड्यात घातलं. "पोरीला दे," एवढंच म्हणाली.

मी आता पेणच्या रामवाडीला राहते. नातू डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला जातो, त्याच्या डब्याच्या वेळी कोणी उडिया, कोणी भोजपुरी, कोणी तेलुगू. फाटकावरची पाटी मराठी, हिंदी, इंग्रजी. तो मला सांगतो आणि मी मनात मामूचा खेळ खेळते. नूर अजून येते. तिच्या भाषेची पाटी मी पुष्कळ वर्षं कुठल्याच देशात पाहिली नव्हती. आता काही देशांनी तिला कागदोपत्री मान दिलाय असं नातीने सांगितलं, तेव्हा मी ते नूरला हातांनी सांगितलं. तिने खांदे उडवले. तिचं चाललंच होतं.

आपाचं लग्न शाबानात, रमजानच्या आधीच्या महिन्यात झालं, रोह्यालाच. मांडवात पुरुष, आतल्या खोलीत आम्ही बायका, मधे आपा, डोकं खाली, अंगावर लाल जोडा आणि त्यावर, माँच्या हट्टाने, ते केशरी कापड. निकाहाआधी मुलीची संमती विचारायला वकील येतो, दोन साक्षीदार घेऊन. आपाचा वकील मामू. आमच्याकडे रीत अशी, की मुलगी लाजून गप्प राहिली तरी ती संमती धरतात. सगळ्याच मुली गप्प राहायच्या. मी आधी कधी कोणाचा आवाज ऐकला नव्हता. मामूने गुडघा धरत खाली बसून रीतीप्रमाणे उर्दूत विचारलं. आपा गप्प. साक्षीदारांनी मान डोलावली, मामू उठायला लागला.

"थांब रे," माँ म्हणाली.

माँ आपाजवळ बसली. "गप बसन्याचं काय होतं ते या घरानं बघितलंय," ती म्हणाली. "लोक आपल्या मनाचा अर्थ लावतात. तुला काय बोलायचं ते बोल गो. तुझ्या तोंडानं. आनी तुला येते त्या भाषेत."

मामू पुन्हा खाली बसला. पुन्हा विचारलं, या वेळी पाटीच्या भाषेत नाही. आपाने मान वर केली. फूफी दारात होती, तिच्यामागे नूर.

"व्हय," आपा म्हणाली. खोलीच्या पार शेवटच्या बाईला ऐकू जाईल एवढ्यांदा. "मना कबूल हाय."

आणि झैनबबीने जीभ हलवून असा काही लांबलचक, लहरता आवाज काढला की कौलांवरचे कावळे उडाले. तिकडे लग्नात बायका आनंदाने असा आवाज काढतात, हे आम्हाला कुठलं ठाऊक. मांडवात एकच गडबड. दादा पुरुषांमधून उठून धावत आला, टोपी वाकडी, एक चप्पल पायात नाही, आणि दारातून ओरडला, "काय झाला गो माँ? काय झाला?"

मुंबईहून आल्यापासून आमच्या बोलीतलं हे त्याचं पहिलं वाक्य. माँने त्याच्याकडे पाहिलं, त्याची टोपी सरळ केली.

"काय नाय झाला," ती म्हणाली. "तुझी बहीन बोलली."